थांबलेला, थांबवलेला

दिनांक २ मार्च, सोमवार

तीर्थस्वरूप ताईस,
सा. न. वि. वि.

मी येथे सुखरूप पोचलो. पोचल्याबरोबर फोन केला होता. पण फोनवर आपण दोघंही ‘पोचलास का’ आणि ‘जेवलीस का’ ह्यांच्यापुढे सरकलो नाही, म्हणून हे पत्र. तुझा गुडघा कसा आहे? दिवसभर औषधांच्या दुकानात उभी राहून लोकांना वेळच्या वेळी गोळ्या घ्यायला बजावणारी बाई स्वतःची गोळी मात्र विसरते, ही अण्णांची तक्रार आता मला पुढे चालवावी लागणार, असं दिसतं.

मागच्या सोमवारी कामावर रुजू झालो. टेबलावर दोनशे चौदा पत्रं साचली होती. कुणी विचारलं की ‘माझा भाऊ विमानकंपनीत माफी मागायच्या कामावर आहे’ असं तू सांगतेस. सध्या तीच व्याख्या अचूक आहे. कुणाची पेटी हरवली, कुणाला सात तास ताटकळत ठेवलं, कुणाला हातात तिकीट असून विमानात चढू दिलं नाही. त्या सर्वांना मी ‘आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर’ आहे.

मी निघालो त्या दिवशी तू दारात विचारलं होतंस, “अरे, पण जागा एकशे ऐंशी असताना तिकिटं एकशे सत्त्याऐंशी विकतातच कशी? नाटकाला असं केलं तर लोक खुर्च्या मोडतील!” तेवढ्यात टॅक्सी आली आणि उत्तर राहून गेलं. उत्तर सोपं आहे. नाटकाचं तिकीट काढलेला माणूस सहसा येतो. विमानाचं काढलेली सगळी माणसं कधीच येत नाहीत. कुणाचा ताप, कुणाचं भांडण, कुणाचा बदललेला बेत. प्रत्येक फेरीला सात-आठ जण येत नाहीत. ते कोण हे आम्हाला माहीत नसतं, किती हे मात्र बरोबर माहीत असतं. त्या न येणाऱ्यांच्या भरवशावर तेवढी तिकिटं जास्त विकली जातात. वर्षातले साडेतीनशे दिवस हा अंदाज चुकत नाही. नऊ फेब्रुवारीला सगळे आले.

उरलेल्या सात जणांत माझा नंबर लागला आणि मला थांबवण्यात आलं. ह्याविषयी अधिक काय लिहू? तुला सगळं ठाऊकच आहे.

अण्णांचं सामान आवरायला एकटीला जड जातं, हे मला कळतं. प्रुफांचे गठ्ठे आणि लाल पेन्सिलींची थोटकं टाकून देऊ नकोस. अडतीस वर्षं छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका शोधणाऱ्या माणसाच्या पेन्सिली आहेत त्या. त्यांना अजून काही सापडेल. (हा विनोद त्यांचाच.)

पलंगाजवळच्या वेताच्या खुर्चीबद्दल तू दोनदा विचारलंस: “हलवू की नको? तू आलास, पण तिच्यावर बसला नाहीस.” तूर्त असू दे. नोव्हेंबरात मी आलो होतो, तू दुकानात होतीस, तेव्हा अण्णांशी दुपारभर छान गप्पा झाल्या होत्या, तेवढं मनाशी धरून आहे.

प्रकृतीला जप. उत्तराची घाई नाही.

तुझा,
टिंब

---

दिनांक २३ मार्च, सोमवार

तीर्थस्वरूप ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. मला लिहिलेलं नव्हे. आमच्या कंपनीच्या मोठ्या साहेबांना लिहिलेलं.

आवक विभागाने त्यावर क्रमांक घातला आणि नेहमीच्या शिरस्त्याप्रमाणे ते माझ्या टेबलावर आणून ठेवलं. मीही शिरस्त्याप्रमाणे तारीख पाहिली, उड्डाणाचा क्रमांक पाहिला, अक्षर पाहिलं. तुझ्या अक्षरातली वेलांटी लांबूनही ओळखू येते. उगाच नाही अण्णा तुला ‘वेलांटी’ म्हणत.

पत्र चांगलं लिहिलं आहेस. मी एकतीस वर्षं अशी पत्रं वाचतो आहे, तेव्हा हे मत जाणकाराचं समज. “माझा भाऊ तुमचाच माणूस आहे आणि म्हणूनच तो तक्रार करणार नाही, तो जन्मात कुणाशी मोठ्याने बोललेला नाही. त्याने गेटवरच्या बाईंना हात जोडून विनवलं, वडील शेवटच्या घटका मोजताहेत म्हणून सांगितलं, तरी त्यांनी ढुंकून पाहिलं नाही.” आणि मग: “माझे वडील त्या दिवशी सकाळपासून शुद्धीवर होते. ‘टिंब किती वाजता पोचतोय?’ असं त्यांनी मला चार वेळा विचारलं. पलंगाजवळची खुर्ची त्यांनी डॉक्टरांनाही घेऊ दिली नाही. पाच वाजून दहा मिनिटांनी ते गेले, तेव्हा ती रिकामी होती. कृपा करून मला उत्तरात ‘गैरसोय’ हा शब्द लिहू नका.”

हे चार वेळा विचारलेलं आणि खुर्चीचं तू मला सांगितलं नव्हतंस. मला त्रास होऊ नये म्हणून सांगितलं नसशील.

स्वतःविषयीच्या तक्रारीला स्वतः उत्तर देणं नियमात बसत नाही, म्हणून मी पत्र घेऊन मोठ्या साहेबांकडे गेलो. त्यांनी ते उभ्या-उभ्याच वाचलं आणि खाली बसले. “अहो, एवढं घडलं आणि तुम्ही बोलला नाहीत? रजेच्या अर्जावर नुसतं ‘वडिलांचे निधन’?” मी पत्र परत घ्यायला हात पुढे केला. ते म्हणाले, “गेटवर कोण होतं त्या दिवशी? त्या बाईंना मी सोडणार नाही. आपल्याच माणसाशी असं वागतात, तर परक्यांचं काय करत असतील!”

ताई, माझी तुला एक विनंती आहे. तक्रार मागे घे. दोन ओळींचं पत्र पुरेल; मजकूर हवा तर मी करून पाठवतो. गेटवरच्या बाई नियमानुसारच वागल्या. त्यांचं वय तीस-बत्तीस असेल, कामात व्यवस्थित आहेत. शिवाय माझ्या नोकरीची दोनच वर्षं उरली आहेत; ह्या वयात चौकशीच्या कागदांवर नाव नको. आणि तक्रार केल्याने अण्णा काही परत येणार नाहीत.

शेवटचं वाक्य मी लोकांना लिहीत नाही. तुला लिहिलं, ह्याची लाज वाटते. पण खोडत नाही.

जास्त काय लिहावं?

तुझा,
टिंब

---

दिनांक ११ एप्रिल, शनिवार

ताई,

माझं पत्र पोचल्यावर तू फोनवर म्हणालीस, “तू नेहमीचाच असा! शाळेत तुझी पट्टी कुणी पळवली तरी ‘असू दे, त्याला हवी असेल’ म्हणायचास. ह्या वेळी मी नाही असू देणार. त्या बाईमुळे माझ्या बापाने रिकाम्या खुर्चीकडे बघत जीव सोडलाय.” मी ‘बरं’ म्हणालो आणि फोन ठेवला. ते ‘बरं’ मला परत घ्यायचं आहे. हे पत्र दुकानात वाचू नकोस. घरी जा, दार लाव आणि मग वाच.

गेल्या मंगळवारी चौकशी झाली. लांब टेबल, पाच माणसं, पाण्याचे ग्लास. गेटवरच्या बाई समोर बसल्या होत्या. मी बाजूला, कारण मी एकाच वेळी विभागाचा अधिकारी आणि पीडित प्रवासी होतो. मोठ्या साहेबांनी त्या दिवशी मागे राहिलेल्या प्रवाशांचा तक्ता पुढे सरकवला. “हे अक्षर तुमचंच ना? इथे काय लिहिलंय तुम्ही?”

बाई म्हणाल्या, “अक्षर माझंच आहे, पण मी असं लिहिलं नव्हतं, सर. ह्यांनी स्वतःहून हात वर केला होता.” मग त्या माझ्याकडे वळल्या. “सर, तुम्ही सांगा ना. मी तुम्हाला दोनदा विचारलं होतं की नाही?”

मी तोंड उघडण्याआधीच मोठे साहेब म्हणाले, “त्यांच्या घरी काय झालंय ते माहीत आहे ना तुम्हाला? ह्या परिस्थितीत त्यांना साक्षीला ओढता? शोभतं का हे?”

बाईंनी तक्ता साहेबांकडे परत सरकवला. त्यांना कामावरून दूर करावं, असं ठरलं. मी पाणी प्यायलो.

आता तक्त्याविषयी लिहितो. हे तुला थोडं आठवेल, कारण तू तेव्हा जेवणाच्या टेबलावर होतीस. अकरा वर्षांपूर्वी कंपनीने मला एक काम दिलं होतं. विमानात जागा कमी पडली की गेटवर आधी विचारतात, कुणी आपखुशीने मागे राहतं का. जो हात वर करतो त्याला पुढच्या विमानात जागा मिळते, जेवणाचं कूपन मिळतं आणि प्रश्न मिटतो. कुणीच हात वर केला नाही, तर शेवटी आलेल्यांना कंपनी आपण होऊन अडवते. ह्या दोन प्रकारच्या माणसांसाठी तक्त्यात पूर्वी लांबलचक वाक्यं लिहावी लागत. मी त्यांच्या जागी दोन शब्द सुचवले. आपखुशीने राहिला तो ‘थांबलेला’. अडवला गेला तो ‘थांबवलेला’. मंजूर झाले. मी ते मोठ्या आनंदाने घरी सांगितले.

अण्णांनी घास तसाच हातात धरून ऐकलं. म्हणाले, “शब्द चांगले आहेत, पण एका तक्त्यात ठेवू नकोस. दोघांत एका ‘व’चा फरक आहे. घाईत लिहिणारा माणूस अक्षर खातो.”

मी म्हणालो, “अण्णा, आमची माणसं शिकलेली आहेत.”

“शिकलेलीच खातात. अडाणी माणूस एकेक अक्षर पुजल्यासारखं लिहितो.” आणि मग तुझ्याकडे बघून, “ह्या वाणिज्यवाल्याला वाटतं शब्द आकड्यांसारखे असतात. अगं, आकडा चुकला तर कुणीतरी ओरडतं. शब्द चुकला तर तो गप्प बसून राहतो.”

तू हसली होतीस. मी नव्हतो हसलो. शब्द मी बदलले नाहीत.

आता नऊ फेब्रुवारी. विमान अकरा दहाचं. मी पूर्ण भाड्याचं तिकीट काढलं होतं, कारण नोकरांच्या सवलतीच्या तिकिटावर जागा उरली तरच बसवतात, हे मला इतरांपेक्षा जास्त माहीत आहे. मी वेळेआधी दीड तास पोचलो. अडवायच्या यादीत माझं नाव नव्हतं, ताई. यायला काही कारणच नव्हतं.

सात माणसं जास्त झाली. सहा जणांनी लगेच हात वर केले. त्यांत विद्यार्थी होते आणि एक नवराबायको. एक बाकी राहिला. गेटवरच्या बाई माइकवर म्हणाल्या, “आणखी कुणी एक जण थांबू शकेल का? उद्या सकाळच्या पहिल्या विमानात जागा नक्की आहे.” कुणी हललं नाही. यादीत शेवटचं नाव एका लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाचं होतं. तो हत्यारांची पिशवी पोटाशी धरून म्हणत होता, “बाई, आठवड्याने घरी चाललोय हो. नका करू असं.” त्याच्यासाठी मी थांबलो, असं मी तुला लिहू शकलो असतो. ते ऐकायला बरं वाटलं असतं आणि ते सिद्धही करता आलं असतं. पण ते खरं नाही. त्याच्याकडे माझं लक्ष नंतर गेलं. माझा हात आधीच वर होता.

बाई जवळ आल्या. त्यांनी माझी नोंद पाहिली. “सर, तुम्ही प्रवासाचं कारण ‘तातडीचे, कौटुंबिक’ लिहिलंय. नक्की थांबताय?”

“नक्की.”

“सर, परत एकदा विचारते हं. उद्या सकाळशिवाय काही नाही.”

मी म्हणालो, “मला घाई नाही.”

हे तीन शब्द मी म्हणालो, ताई. ओरडून नव्हे, रडून नव्हे. कचेरीत फाइल परत करताना म्हणतात तसे.

विमान वेळेवर सुटलं आणि वेळेवर पोचलं. मी नोंद पाहिली आहे. त्यात असतो तर दुपारी दोन वाजता मी घरी असतो. अण्णा पाच दहाला गेले. म्हणजे तीन तास दहा मिनिटं. तेवढा वेळ मी गेटसमोरच्या बाकावर बसून काढला. मध्ये उठून कूपनावर जेवलो. मला भूक लागली होती. हे लिहायचं नव्हतं, पण एक गाळलं की दुसरंही गाळलं जाईल. साडेपाचला तुझा फोन आला. तू रडत विचारलंस, “अरे, तू आहेस कुठे? निघाला होतास ना?” आणि माझ्या तोंडून निघालं, “अडवलं मला. खूप विनवलं, ताई, ऐकलंच नाही त्यांनी.” शब्द आधीच तयार होते. एकतीस वर्षं तेच वाचत आलो आहे.

तू विचारशील, का? अण्णांनी शिकवलेल्या पद्धतीने, चूक जिथे सुरू झाली तिथून सांगतो.

नोव्हेंबरात गप्पा झाल्या नव्हत्या.

मी पोचलो तेव्हा तू दुकानात गेली होतीस. अण्णा उशीला टेकून बसले होते, स्वच्छ दाढी, अंगात निळा स्वेटर. मी पाया पडलो. त्यांनी हात जोडले. मी पलंगाजवळच्या वेताच्या खुर्चीवर बसलो. ते संकोचून म्हणाले, “माफ करा हं. तेवढी खुर्ची सोडून कुठेही बसा. माझा मुलगा यायचाय. तिकीट काढलंय त्याने.”

मी म्हणालो, “अण्णा, मी आलोय. टिंब.”

ते हसले. किती शिष्टाचाराने हसले! “तुम्ही ओळखता वाटतं त्याला? आम्ही घरी टिंब म्हणतो. ओळीत जागा घेत नाही, पण गाळला तर शब्दाचा अर्थ जातो. असा आहे बघा आमचा मुलगा.”

मी उठलो. खिडकीजवळच्या स्टुलावर बसलो. दोन तास आम्ही दोघं त्या खुर्चीकडे बघत त्याची वाट पाहिली. ते मला त्याच्याविषयी सांगत होते. त्याचे पाढे कसे पाठ होते, छापखान्यात येऊन तो खिळ्यांच्या खणांतून ‘ज्ञ’ कसा अचूक शोधून द्यायचा. हे सगळं त्यांनी मला, माझ्या छप्पन्न वर्षांत, एकदाही सांगितलं नव्हतं. निघताना त्यांनी विचारलं, “तुमचं कोण आजारी आहे इथे?”

संध्याकाळी तू आलीस आणि म्हणालीस, “काय रे, मारल्यास का गप्पा?” मी हो म्हणालो. त्यानंतर फेब्रुवारीपर्यंत मी आलो नाही. दर खेपेला कारणं दिली. ती सगळी तपासता येण्यासारखी होती, एकही खरी नव्हती. गेटवर उभा असताना मला ते स्टूल दिसत होतं. वाटलं, ज्याची ते वाट पाहताहेत तो मी नव्हे. एक दिवस उशिरा गेलो तर त्या गृहस्थांचं काही अडणार नाही. शेवटच्या दिवशी ते शुद्धीवर येतील आणि त्या खुर्चीवर मलाच बसवायला निघतील, हे माझ्या अंदाजात नव्हतं. मी जन्मभर न येणाऱ्यांचे अंदाज पाहिले आहेत. येणाऱ्यांचा मला अनुभव नाही.

आता शेवटची गोष्ट, आणि ही सर्वांत वाईट.

फेब्रुवारीअखेर मी कामावर परतलो तेव्हा त्या महिन्याचे तक्ते तपासणीला माझ्याकडे आले. नऊ तारखेच्या पानावर माझं नाव होतं आणि पुढे बाईंच्या अक्षरात ‘थांबलेला’. आदल्याच दिवशी तू फोनवर म्हणाली होतीस, “एवढंच समाधान आहे बघ, की तू निघाला होतास. त्यांनीच अडवलं. नाहीतर मी कुणाच्या तोंडाकडे बघितलं असतं?” तक्ता माझ्यासमोर, खोलीत कुणी नाही. बाई अक्षरं सुटी-सुटी लिहितात. ‘ब’ आणि ‘ले’ ह्यांच्यामध्ये जागा होती.

अण्णांनी आपल्याला काकपद शिकवलं होतं, आठवतं? राहिलेलं अक्षर घालायचं तर ओळीखाली कावळ्याच्या पावलासारखी खूण करायची, म्हणजे वाचणाऱ्याला कळतं, हे मागाहून घातलं आहे. “खूण न करता अक्षर घुसवणं ही दुरुस्ती नव्हे, चोरी,” असं ते म्हणत. मी खूण केली नाही. त्याच निळ्या शाईत, बाईंच्या वळणाचा एक ‘व’ घातला.

मग तो वेगळा दिसू नये म्हणून सबंध शब्दावर एक शिरोरेषा ओढली. तिथे चुकलो. बाई घाईत शिरोरेषा देत नाहीत. त्या पानावर सात नोंदी आहेत आणि डोक्यावर रेघ एकाच शब्दाच्या आहे. पाच शिकलेल्या माणसांच्या हातांतून तो कागद फिरला. कुणाला दिसलं नाही. अण्णांना चष्म्याशिवाय दिसलं असतं.

काल सकाळी मी मोठ्या साहेबांना लेखी निवेदन दिलं. त्यात वरचं सगळं आहे. नोव्हेंबर नाही, तो फक्त तुला. त्यांनी वाचलं आणि विचारलं, “कशासाठी केलंत हे? बहिणीला खरं सांगितलं असतंत तर तिने काय केलं असतं?” त्यांनी मला त्याच क्षणी कामावरून दूर केलं. ते योग्यच आहे. गेटवरच्या बाई सोमवारपासून रुजू होतील. मी त्यांच्या घरी गेलो होतो. त्यांनी दार अर्धवट उघडलं. मी म्हणालो, “मी दिलगीर आहे.” त्या म्हणाल्या, “तेवढं तर तुम्ही सगळ्यांनाच लिहिता, सर,” आणि दार लावून घेतलं.

तुझ्या तक्रारीला कंपनीचं उत्तर पुढच्या आठवड्यात येईल. मजकूर माझा नसेल. त्यात ‘गैरसोय’ हा शब्द येऊ नये, एवढं मी सांगून आलो आहे. पण सवयीने येईल. आला तर त्यांना माफ कर.

तुझ्याकडे अण्णांच्या मरणाचा दोष ठेवायला एक परकी बाई होती. ती मी काढून घेतो आहे, आणि तिच्या जागी ठेवायला माझ्याशिवाय कुणी नाही. क्षमा मागत नाही. ते काम मी पोटासाठी इतकी वर्षं केलं की माझ्या हातून ते आता नीट व्हायचं नाही.

फक्त खुर्चीचं राहिलं. पहिल्या पत्रात ‘तूर्त असू दे’ असं लिहिलं होतं. आता तो अधिकार मला नाही. हलवायची असेल तर हलव. माळ्यावर टाक, कुणाला देऊन टाक. ठेवलीस, तर मी येईन आणि खिडकीजवळच्या स्टुलावर बसेन. तिकीट अजून काढलेलं नाही. तू ‘ये’ असं म्हणालीस तरच काढेन, आणि त्या दिवशी वाटेत कुणी काहीही विचारलं तरी हात वर करणार नाही.

लाल पेन्सिलींतली एखादी शाबूत असेल, तर हे पत्र तपासून परत पाठव. एकही अक्षर मागाहून घातलेलं नाही.

तुझा भाऊ,
थांबलेला